दाताच्या आतली भिंत



मागच्या महिन्यात या सदरात आम्ही हाडांविषयी लिहिले होते. या वेळी डोळ्यांवर लिहायचे ठरवले होते, पण आमच्याच घरात असे काही घडले की विषय बदलावा लागला. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या वाट्या समोर आल्या आणि आमच्या आठ वर्षांच्या धाकटीने पहिल्याच चमच्याला गाल धरला.

"काय झालं गं?" दादीने विचारले.

"काही नाही दादी. गोड लागलं की दाढ दुखते. आता थांबेल."

"आता थांबेल" हे ती इतक्या सहज म्हणाली की आमच्या लक्षात आले, हे दुखणे आजचे नाही. मग एकेक आठवू लागले. परीक्षेच्या आधी तिने थंड पाण्याची तक्रार केली होती. आम्ही म्हणालो, परीक्षा होऊ दे. मग रमजान आला. सहरी, इफ्तार, शाळा आणि तरावीहच्या धावपळीत इफ्तारच्या सरबताला ती तोंड वाकडे करायची, ते आम्ही पाहिले आणि सोडून दिले. ईद होऊ दे, मग बघू. दादी म्हणाल्या होत्या, "दुधाचीच दाढ आहे बेटा, पडेल आपोआप." आम्हीही मान हलवली. वर्गात फळ्यावर दातांची आकृती काढून शिकवणारे आम्ही!

ईदनंतर तिसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दादीही बरोबर आल्या. डॉक्टरांनी तपासले, एक्स-रे काढला आणि म्हणाले, "ही दुधाची दाढ नाही. ही हिची आयुष्यभराची दाढ आहे. ही गेली तर हिच्या जागी दुसरी येणार नाही."

आम्ही गप्प झालो. पुस्तकात वाचलेले होते, शिकवलेलेही होते, पण आपल्या लेकराच्या तोंडात ते ओळखता आले नाही. एक्स-रेवर बोट ठेवून डॉक्टरांनी दाखवले की कीड वरचा थर फोडून आत गेली आहे, पण दाढेच्या नसेपर्यंत अजून पोचलेली नाही. "मध्ये थोडी भिंत शिल्लक आहे. तिच्यावरच सगळी आशा आहे."

या भिंतीचे नाव डेंटिन. आज तिच्याचविषयी बोलू.

दात म्हणजे नुसता पांढरा दगड नाही

आपल्याला दात दिसतो तो वरून. ते पांढरे, चकचकीत कवच म्हणजे एनॅमल. शरीरात त्याच्याइतके कठीण दुसरे काही नाही, कारण वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. पण दाताचा मोठा भाग या कवचाखाली असतो, तो डेंटिनचा. ते फिकट पिवळे असते. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ (त्यात बहुतेक कोलॅजेन नावाचे प्रथिन) आणि १० टक्के पाणी असते. म्हणून ते एनॅमलपेक्षा मऊ, पण थोडे लवचिक असते. एनॅमल कठीण असले तरी काचेसारखे ठिसूळ असते. त्याच्याखाली हा लवचिक आधार नसता तर बदाम फोडतानाच दातांचे तुकडे झाले असते.

डेंटिनच्या आत एक पोकळी असते. तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी असतात. तिला पल्प म्हणतात, आपण दाताचा गर म्हणू. बोलताना लोक ज्याला "नस" म्हणतात ती हीच.

जुन्या संग्रहालयांत हस्तिदंताच्या पेट्या आणि फण्या आपण पाहिल्या असतील. हस्तिदंत म्हणजे मुख्यतः डेंटिनच. हत्तीचा सुळा हा त्याचा वाढलेला पुढचा दात असतो. ज्या पदार्थावर कारागिरांनी इतकी बारीक नक्षी कोरली, तोच पदार्थ आपल्या प्रत्येकाच्या तोंडात आहे.

जमीन सारवल्यासारखे काम

डेंटिन तयार कसे होते, हे समजण्यासाठी आम्हाला आमच्या आजोळची आठवण उपयोगी पडते. कोकणातल्या त्या घरात जमीन सारवताना खाला समोरच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि सारवत सारवत दाराकडे मागे सरकायची. सारवलेल्या जागेवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. डेंटिनच्या पेशी अगदी असेच काम करतात.

आई गरोदर असताना साधारण सहाव्या आठवड्यात बाळाच्या जबड्यात दातांची पहिली चाहूल लागते. पुढे तिथे पेशींचे दोन थर समोरासमोर येतात. वरचा थर खालच्या थराला रासायनिक निरोप पाठवतो. तो मिळताच खालच्या पेशी उंच होऊन रांगेत उभ्या राहतात आणि डेंटिन घडवणाऱ्या पेशी बनतात. त्यांना ओडोन्टोब्लास्ट म्हणतात. त्या आधी कोलॅजेनची मऊ जाळी विणतात. हे कच्चे डेंटिन. मग त्या जाळीत कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक बसतात आणि कच्चे डेंटिन पक्के होते. डेंटिनचा हा पहिला थर तयार होऊ लागला की आता उलट निरोप जातो, आणि वरच्या पेशी एनॅमल घडवायला सुरुवात करतात. म्हणजे आधी डेंटिन, मग एनॅमल.

एक थर टाकला की ओडोन्टोब्लास्ट थोडी आत सरकते आणि पुढचा थर टाकते. रोज साधारण ४ मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला तर एका केसाइतकी भिंत उभी राहायला अठरा दिवस लागतात. काम इतके हळू, पण खंड नाही.

खाला आणि या पेशी यांच्यात एक फरक मात्र आहे. मागे सरकताना प्रत्येक पेशी आपली एक बारीक शेपटी भिंतीत ठेवून जाते. त्या शेपटीभोवती डेंटिन घट्ट होते आणि तिथे एक सूक्ष्म नळी राहते. त्यामुळे सगळे डेंटिन अशा नळ्यांनी भरलेले असते. गराजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ४५ हजार ते ६५ हजार नळ्या असतात. बाहेरच्या बाजूला त्या विरळ आणि अरुंद होत जातात. सूक्ष्मदर्शकाचे प्रसिद्ध संशोधक, हॉलंडचे लेवेनहूक, यांनी १६७८ मध्येच दातातील या नळ्यांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते.

दुधाच्या दातांत हे काम गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते. पण ज्या दाढेपायी आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो, तिचे काम जन्माच्या सुमारास सुरू होते. घरात अकीक्याची तयारी चाललेली असते, तेव्हा बाळाच्या जबड्यात सहा वर्षांनी दिसणाऱ्या या दाढेचा पाया घातला जात असतो. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरात जी मोठी उलथापालथ होते, तिची एक रेघसुद्धा दुधाच्या दातांत आणि बहुधा या दाढेत कायमची उमटते. शास्त्रज्ञ तिला जन्मरेषा म्हणतात. आजारपणे आणि कुपोषण यांच्याही खुणा या थरांत राहतात. वाढीच्या वयात ड जीवनसत्त्व फार कमी पडले तर डेंटिन नीट पक्के होत नाही आणि मध्ये मध्ये कच्च्या जागा राहतात. गरोदर आई आणि लहान मुले यांना ऊन आणि सकस आहार मिळायला हवा, तो दातांसाठीही.

डेंटिनचे प्रकार

आता प्रकार पाहू. ते पाठ करायचे नाहीत, पण ओळखले तर घरातल्या प्रत्येकाच्या दाताचे वागणे समजते.

पहिले, प्राथमिक डेंटिन. दात तयार होऊ लागल्यापासून त्याचे मूळ पूर्ण होईपर्यंत जे तयार होते ते. दाताचा आकार यातूनच घडतो. याचा सर्वांत बाहेरचा पातळ थर, एनॅमलला चिकटलेला, थोडा मऊ असतो. चावताना बसणारा धक्का तो सोसतो. त्याच्या आत, गराभोवती, बाकीचे सगळे प्राथमिक डेंटिन असते.

दुसरे, द्वितीयक डेंटिन. मूळ पूर्ण झाल्यावरही या पेशी निवृत्त होत नाहीत. गर जिवंत असेपर्यंत त्या काम करत राहतात, फक्त वेग खूप मंदावतो. सारवणारी बाई आतच आहे आणि भिंत आतून जाड होत आहे, म्हणजे खोली लहान होणारच. म्हणून लहान मुलाच्या दातातला गर मोठा आणि वृद्धाचा अगदी अरुंद असतो.

तिसरे, तृतीयक डेंटिन. हे सगळीकडे तयार होत नाही. कीड, झीज किंवा मार यांचा त्रास जिथे पोचतो, नेमके तिथेच, आतल्या बाजूने, दात हा जादा थर टाकतो. त्रास सौम्य असेल तर जुन्याच पेशी हे काम वेगाने करतात. त्रास इतका मोठा असेल की त्या पेशी मेल्या, तर गरातील इतर पेशी पुढे येऊन त्यांची जागा घेतात. मात्र त्यांची भिंत घाईत घातलेल्या ठिगळासारखी असते. नळ्या कमी, वेड्यावाकड्या, कधी नसतातच. पण ठिगळ असले तरी भोक बुजते.

याशिवाय एक घट्ट झालेले डेंटिन असते. वय वाढते तसे किंवा हळूहळू झीज होत असेल तेव्हा नळ्यांच्या आत खनिज साचते आणि त्या बंद होतात. असे डेंटिन काचेसारखे पारदर्शक दिसते. वयाबरोबर ते मुळाच्या टोकाकडून वाढत जाते, म्हणून अनोळखी मृतदेहाच्या वयाचा अंदाज घेताना तज्ज्ञ दाताची ही खूणही पाहतात.

आणि एनॅमल? ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येताच नष्ट होतात. एनॅमल फुटले की ते पुन्हा घडवायला कोणी उरत नाही. डेंटिनचे कारागीर मात्र आत जिवंत असतात.

एकाच घरातली दोन तोंडे

डॉक्टरांचे बोलणे ऐकून दादींनी आपले तोंड उघडून दाखवले. "मग हे बघा. माझे दात तर सपाट झालेत. पन्नास वर्षं सुपारी खाल्ली. कधी दुखले नाहीत!"

खरेच, त्यांच्या दाढांवर एनॅमल जवळजवळ उरलेले नाही. उघडे, तपकिरी, गुळगुळीत डेंटिन दिसते. तरी त्या थंड पाणी आरामात पितात. आणि नातीच्या दाढेला बाजरीच्या दाण्याएवढे भोक, तर ती शीरखुर्म्याला गाल धरते. असे का?

उत्तर त्या नळ्यांत आहे. नळ्यांत द्रव भरलेला असतो. डेंटिन उघडे पडले आणि त्याला थंड, गोड किंवा वारा लागला की हा द्रव हलतो. ती हालचाल आतल्या मज्जातंतूंना जाणवते आणि कळ येते. दात शिवशिवण्याचे हे कारण स्वीडनचे संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी मांडले आणि आज ते सर्वसाधारणपणे मानले जाते.

दादींच्या दातांची झीज पन्नास वर्षांत, कणाकणाने झाली. त्यामुळे आतल्या कारागिरांना वेळ मिळाला. नळ्या बुजल्या, आतून नवा थर चढला, गर मागे सरकला. नातीच्या दाढेला तोंडात येऊन दोनच वर्षे झालेली. नळ्या रुंद आणि उघड्या, गर मोठा, मूळ अजून अपुरे. कीड पळते आहे आणि भिंत रोज काही मायक्रॉनच वाढते आहे. शर्यतीत कीड पुढे गेली तर गर मरतो, आणि गर मेला की कारागीरही गेले. मग मुलाच्या दाढेचे मूळ उघडे आणि पातळ भिंतीचेच राहून जाते.

डॉक्टरांनी दादींनाही सोडले नाही. ते म्हणाले, "अम्मा, दात दुखले नाहीत म्हणजे सुपारी चांगली असं नाही. सुपारीने तोंड आखडतं आणि कॅन्सरचाही धोका असतो." दादी काही बोलल्या नाहीत. पण घरी आल्यावर पानदान कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. अजून तरी तिथेच आहे.

पुढे काय झाले

धाकटीची कळ खाताना येत होती आणि खाणे थांबताच जात होती. रात्री ठणका नव्हता. त्यामुळे गर जिवंत आहे आणि वाचवता येईल, असे डॉक्टरांचे मत पडले. त्यांनी वरची मऊ कीड काढली, पण गराच्या अगदी जवळचा भाग मुद्दाम खरवडला नाही. खरवडला असता तर गर उघडा पडला असता. त्यावर कॅल्शियमयुक्त औषधाचा थर दिला आणि दाढ घट्ट बंद केली. कीड वाढवणाऱ्या जंतूंचे अन्न बंद, आणि आतल्या पेशींना भिंत घालायला सवड. अशा कामासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड विसाव्या शतकात बराच काळ वापरले गेले. १९९० च्या दशकात अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमटीए नावाचे सिमेंट पुढे आणले. ते बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटच्याच जातीचे आहे. आज त्या कुळातली अनेक औषधे मिळतात.

सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. औषधाच्या खाली एक नवी, बारीक पांढरी पट्टी दिसत होती. मुळेही लांबली होती. डॉक्टर म्हणाले, "मी फक्त दार बंद केलं. भिंत दाढेनंच घातली." धाकटीने दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी धरून बराच वेळ पाहिले. तपासण्या अजून चालू राहणार आहेत, पण दाढ जिवंत आहे.

हे लिहिताना आम्हाला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवतो. त्याचीही हीच दाढ, हेच वय. तिथेही "दुधाची आहे" म्हणून वाट पाहिली गेली. मग एक दिवस दुखणे अचानक थांबले आणि घरच्यांना वाटले, बरे झाले. प्रत्यक्षात गर मेला होता. दोन महिन्यांनी गाल सुजला आणि दाढ काढावी लागली. त्या घरात आणि आमच्या घरात फरक शहाणपणाचा नव्हता, थोड्या आठवड्यांचा होता. आम्हीही तेवढाच उशीर करायला निघालो होतो.

घरी एवढे करा

आज रात्री मुलांना उजेडात बसवा आणि दात मोजा. वरचे दोन मोठे पुढचे दात जिथे भेटतात तिथून एका बाजूला मोजत जा. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात. मधला एखादा पडलेला असेल तर त्याची रिकामी जागाही धरा. सहावा दात दिसला तर ती कायमची दाढ. खालीही तसेच. ती सहाव्या-सातव्या वर्षी येते, आणि कोणताही दात न पाडता मागून गुपचूप येते. म्हणूनच आपण फसतो. सहाव्या वर्षी सहावा दात, एवढे लक्षात ठेवा.

तिच्यावर काळी रेघ किंवा खड्डा दिसला, थंड-गोड लागले, तर थांबू नका. कळ लगेच जाते तोवर दाढ सहज वाचण्याची शक्यता मोठी असते. कळ रेंगाळू लागली, गरम लागू लागले, रात्री ठणका लागला, तर गर संकटात आहे. लवंगेच्या तेलाने कळ शमते, भोक बुजत नाही. आणि दुखणे आपोआप थांबले तर अधिक लवकर जा.

दुधाच्या दातांकडेही दुर्लक्ष नको. त्यांचे एनॅमल आणि डेंटिन दोन्ही पातळ असते, त्यामुळे कीड लवकर आत पोचते.

मिश्री, राख, विटेची पूड यांनी दात घासू नका. त्यांनी एनॅमल झिजते आणि डेंटिन उघडे पडते. मिश्रीत तर तंबाखूच असते. मिस्वाक करणाऱ्यांनी टोक भिजवून मऊ करावे आणि हलक्या हाताने फिरवावे. हिरडीजवळ जोराने घासले तर मिस्वाक असो की ब्रश, मुळावरचे डेंटिन उघडे पडते. मुलांना रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून झोपवा, आणि त्यानंतर दुधाचा पेलाही नको.

रमजानमध्ये उपचार लांबवण्याची आपली सवय आहे. मोठ्यांना रोजाविषयी शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. इफ्तारनंतर दवाखाना उघडा ठेवणारे डॉक्टरही असतात. पण आठ वर्षांच्या मुलीची दाढ ईदपर्यंत थांबवायला आमच्याकडे खरे तर कोणतेच कारण नव्हते.

दाताच्या आत बसलेल्या त्या पेशी आपण झोपलो असतानाही भिंत घालत असतात. त्यांना हवा असतो तो वेळ, आणि तो देणे मोठ्यांच्या हातात असते. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, राहिलेला डोळ्यांचा विषय घेऊ. तोवर मुलांचे दात मोजून ठेवा.

अल्लाह हाफिज.